पेअर स्केटिंगची वाट: पहिल्या बुटापासून जोडीदारापर्यंत

टीव्हीवर पेअर स्केटिंग, म्हणजे एक मुलगा आणि एक मुलगी यांचं बर्फावरचं जोडीचं स्केटिंग, पाहताना अर्धा खेळ दिसतच नाही. रिंकच्या कठड्याला टेकून मी पहिल्यांदा सराव पाहिला, तेव्हा त्या दोघांचा वेग बघून दचकले होते. बर्फ कापला जातानाचा खरखर आवाज, आणि मुलीला उचलायच्या क्षणाआधी मुलगा दबक्या आवाजात म्हणतो तो 'अँड'. त्या एका शब्दावर दोघांचे गुडघे एकदम वाकतात. तो शब्द अर्धा सेकंद उशिरा आला तर उचल फसते.

माझी लेक सहाव्या वर्षी कॅनडातल्या मिसिसागामध्ये स्केटिंग शिकायला लागली, बाराव्या वर्षी एकेरीतून जोडीत आली. आज ती एकोणीस वर्षांची आहे आणि सध्याचा तिचा तिसरा जोडीदार आहे. इतकी वर्षं पहाटे साडेपाचला थर्मास घेऊन थंड बाकावर बसल्यामुळे आसपासचे मराठी आईबाप मला विचारत असतात, "आमच्या मुलीलाही पेअर्स करायचंय, कुठून सुरू करू?" हल्ली पुण्याहूनही फोन येतात. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं, म्हणून हा लेख.

आधी काय ते समजून घ्या

बर्फावर दोघं मिळून करायचे दोन वेगळे खेळ आहेत. आइस डान्समध्ये पावलं, ताल आणि एकमेकांची पकड महत्त्वाची. तिथे मुलाने मुलीला डोक्यावर पूर्ण हात ताणून उचलायचं नसतं आणि हवेत फेकायचंही नसतं. पेअर्समध्ये नेमकं तेच असतं. ट्विस्टमध्ये मुलगा मुलीला वर भिरकावतो, ती हवेत आडवी फिरते आणि तो तिला कमरेत झेलून एका पायावर उतरवतो. थ्रो जंपमध्ये तो तिला उडीसाठी झेप देतो आणि उतरायचं तिने एकटीने, मागे जात, पात्याच्या बाहेरच्या कडेवर. डेथ स्पायरलमध्ये तो टोकाचे दाते बर्फात रोवून जागेवर फिरतो आणि ती त्याच्या एका हाताला धरून जवळजवळ बर्फाला समांतर झोपून त्याच्याभोवती गोल फिरते. शिवाय दोघांनी शेजारी शेजारी एकाच क्षणी मारायच्या उड्या आणि गिरक्या असतात.

पुष्कळ पालकांचा समज असतो की एकेरीत जमलं नाही तर पेअर्स. हा समज पहिल्या दिवशीच सोडा. शेजारच्या उड्या तिहेरी, म्हणजे हवेत तीन फेऱ्यांच्या असतात, त्या मुलीला एकटीला याव्या लागतात आणि मुलालाही. मोठ्या स्पर्धांत पदकं इथेच हुकताना मी पाहिली आहेत: उचल देखणी, ट्विस्ट उंच, आणि साधी शेजारची उडी दोघांपैकी एकाची दुहेरीच राहिली.

ऑलिम्पिकमध्ये हा खेळ १९०८ साली लंडनला आला, हिवाळी ऑलिम्पिक सुरू व्हायच्या कितीतरी आधी. १९६४ पासून पुढे सलग बारा ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत किंवा रशियन जोडीच सोनं नेत होती. ती साखळी २०१० साली व्हँकुव्हरला चीनच्या शेन श्वे आणि झाओ होंगबो यांनी तोडली. त्यांच्या क्लिप मुलांना जरूर दाखवा, पण आवाज बंद करून, फक्त गुडघे बघायला सांगा.

पहिली पायरी: एकटीने नीट

कॅनडात सुरुवात 'कॅनस्केट'पासून होते. हा स्केट कॅनडा या तिथल्या संघटनेचा शिकाऊ कार्यक्रम, सहा टप्प्यांचा. अमेरिकेत 'लर्न टू स्केट यूएसए'. दोन्हीकडे आधी पडायला आणि उठायला शिकवतात, मग थांबायला, मग पुढे-मागे सरकायला. पुण्या-मुंबईत सोसायटीच्या सिमेंटवर चार चाकांच्या स्केट्सवर शिकलेल्या मुलांना तोल पटकन सापडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पण दोन सवयी मोडाव्या लागतात. चाकांच्या स्केट्सला पुढे रबरी ठोकळा असतो, त्यावर ती मुलं थांबतात. बर्फावर पात्याच्या टोकाला दाते असतात आणि त्यांवर थांबायला गेलं की तोंडावर आपटतात. दुसरं म्हणजे कड. स्केटिंगच्या पात्याला तळाशी पन्हळीसारखी खोलगट खाच असते, त्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन धारा तयार होतात. सगळं फिगर स्केटिंग म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या धारेवर उभं राहायचं हे आहे.

पेअर्सकडे कधी वळावं? माझं मत असं की मुलीला अॅक्सल, म्हणजे समोर तोंड करून मारायची दीड फेऱ्यांची उडी, आणि निदान दोन-तीन दुहेरी उड्या स्वच्छ येईपर्यंत थांबा. मुलाच्या बाबतीत घाई आणखी कमी करा. जपानचा र्‍युइची किहारा २०१३ पर्यंत एकेरीत होता. विशीत तो जोडीकडे वळला आणि पुढे दोनदा जगज्जेता झाला. मुलग्यांचे खांदे आणि पाठ भरायला वेळ लागतो. अर्धवट वाढलेल्या मुलाने डोक्यावर माणूस उचलणं धोक्याचं असतं, त्याच्यासाठी आणि वर असलेल्या मुलीसाठीही.

बूट, पाती आणि जागा

सुरुवातीला भाड्याचे बूट चालतील. आठवड्यातून दोनदा जायला लागलं की स्वतःचे घ्या, आणि ते ऑनलाइन न घेता पाय मोजून देणाऱ्या दुकानातून घ्या. जॅक्सन, इडिया, रिडेल, रिस्पोर्ट ही नावं तुम्हाला ऐकू येतील. पात्यांमध्ये जॉन विल्सन आणि एमके. वरच्या पातळीवर बूट वेगळा आणि पातं वेगळं विकत घेतात, आणि दोन्ही मिळून हजार डॉलरच्या वर सहज जातात. मुलं वाढत असतात म्हणून "थोडे मोठे घेऊ" हा आपला सवयीचा हिशेब इथे करू नका. सैल बुटात घोटा हलतो आणि थ्रोमधून उतरताना मुरगळतो. मी ही चूक केली आहे. दोन महिने लेक पायाला पट्टी बांधून घरी बसली होती.

पात्यांना धार कोण लावतं तेही महत्त्वाचं. हॉकीच्या पात्यांना धार लावणाऱ्या यंत्रावर फिगरची पाती दिली तर पुढचे दाते खराब होऊ शकतात. क्लबमध्ये विचारा, प्रत्येक गावात असा एकच माणूस असतो ज्याच्याकडे सगळे जातात. आणि बर्फाबाहेर पाऊल टाकताना पात्यांवर गार्ड चढवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

भारतात राहणाऱ्यांसाठी स्पष्ट सांगते. शिमल्याचं नैसर्गिक बर्फाचं रिंक १९२० पासून आहे, पण ते हिवाळ्यापुरतं. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठं बंदिस्त रिंक बांधलं गेलं. गुरुग्रामला मॉलमध्ये रिंक आहे. महाराष्ट्रातलं मूल इथे बसून पेअर्सचं प्रशिक्षण घेऊ शकेल अशी सोय नाही, कारण नुसतं रिंक असून चालत नाही. उचल शिकवणारा कोच लागतो आणि वेगात जाणाऱ्या जोडीला वाट देणारा मोकळा बर्फ लागतो. त्यामुळे तिकडच्या मुलांना मी आधी चाकांवरचं आर्टिस्टिक स्केटिंग गंभीरपणे करायला सांगते. त्यातही पेअर्स हा प्रकार आहे, उचल आहे, शेजारच्या उड्या आहेत. २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत अनुपकुमार यामा आणि अवनी पांचाळ यांनी त्यात भारतासाठी कांस्य जिंकलं. एकमेकांच्या श्वासावर हालचाल करायची सवय चाकांवर लागली तर ती बर्फावर फुकट जात नाही.

जमिनीवर शिका, मग बर्फावर

जोडी जमली की पहिले काही आठवडे कोच बर्फावर उचल करूच देत नाही. देत असेल तर दुसरा कोच बघा. जिममध्ये गाद्या टाकून, तिसरा माणूस बाजूला उभा करून, आधी पकडी शिकवतात. मुलाला सांगतात, वजन हातांनी ढकलू नकोस, पायांनी उचल. मुलीला सांगतात, अंग घट्ट ठेव. हे ऐकायला सोपं वाटतं. वर गेल्यावर मूल घाबरतं आणि घाबरलं की ढिलं पडतं. ढिलं पडलेलं तीस किलो घट्ट असलेल्या चाळीस किलोंपेक्षा जड लागतं. लेकीच्या पहिल्या कोचने तिला महिनाभर रोज फळी करायला लावली होती, कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग ताणून, तेव्हा मला ते उगीच वाटलं होतं. पहिली उचल झाली त्या दिवशी मला त्या फळीचा अर्थ कळला.

बर्फावरचा क्रम साधारण असा असतो. आधी हात धरून नुसतं सरकणं. हे आठवडेच्या आठवडे चालतं आणि पालक कंटाळतात. पण जोडीची खरी पारख इथेच होते. दोघांच्या ढकलण्याची लांबी सारखी हवी, गुडघा एकाच खोलीला वाकायला हवा. मग शेजारच्या सोप्या उड्या, मग जोडीची गिरकी, मग कमरेची उचल. डेथ स्पायरलची सुरुवात आतल्या कडेवर करतात, कारण त्यात कड धरणं सोपं जातं. ती ज्या पायावर सरकते त्या तिच्या स्वतःच्या गुडघ्याच्या पातळीपर्यंत तिचं डोकं खाली यायला हवं. शिकताना ते तिथवर येत नाही, आणि येत नाही म्हणून जोडीदाराने हात खाली ओढायचा नसतो. ती जाईल तेवढी जाऊ द्यायची.

थ्रो सगळ्यात शेवटी. आधी एका फेरीची सॅल्काव नावाची उडी, तीही हळू. लेकीचा पहिला थ्रो मी पाहिला तेव्हा तो मुलगा तिला फेकतोय असं मला वाटलं होतं. नीट पाहिल्यावर कळतं की उडी तिचीच असते. तो फक्त तिच्या उडीच्या क्षणी तिच्या कमरेतून वर जाणारी रेघ लांब करतो. त्याने जास्त जोर लावला तर ती हवेतच तिरकी होते. म्हणून चांगले कोच मुलाला थ्रोमध्ये जोर वाढव असं म्हणत नाहीत. "तिची वाट बघ," असं म्हणतात. मग ती पडते. पन्नासदा पडते. कमरेला गादीची पॅन्ट बांधून पुन्हा उठते. त्या दिवसांत मी बर्फाकडे बघायचं सोडून दोघांच्या चेहऱ्यांकडे बघायला शिकले: पडल्यावर त्याने हात पुढे केला का, आणि तिने तो घेतला का.

जोडीदार कसा शोधायचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पेअर्समधलं करिअर म्हणजे मुख्यतः जोडीदाराचीच गोष्ट असते. उत्तर अमेरिकेत मुली खूप आणि मुलगे कमी, त्यामुळे मुलीच्या घरच्यांवर नकळत दबाव येतो: मिळालाय ना, मग घ्या. आम्ही पहिल्यांदा तसंच केलं. पहिल्या भेटीत होकार दिला, दहा महिन्यांनी, हंगाम सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी, त्या घरून चार ओळींची ईमेल आली की आमचा मुलगा दुसरीकडे जातोय. शिवलेले कपडे आणि बसवलेले दोन्ही कार्यक्रम तसेच राहिले. लेक एक आख्खा हंगाम प्रेक्षकांत बसली.

म्हणून आता मी सांगते, ट्रायआउट, म्हणजे जोडी जमते का ते बघायची चाचणी, तीन दिवसांचं ठेवा. एका दिवसात सगळे गोड असतात. पहिल्या दिवशी नुसतं सरकणं, दुसऱ्या दिवशी जमिनीवरच्या पकडी आणि एखादी सोपी उचल, तिसऱ्या दिवशी दोघंही दमलेली असताना पुन्हा तेच. काय बघायचं? सगळ्यात आधी फिरण्याची दिशा. बहुतेक स्केटर घड्याळाच्या उलट फिरतात आणि उजव्या पायावर उतरतात. एखादं मूल उलटं फिरत असेल तर शेजारच्या उड्या, ट्विस्ट, थ्रो सगळंच अवघड होतं. मग उंचीतला फरक, आणि त्याहून महत्त्वाचं, मुलीची वाढ कुठे आहे. बारा ते चौदा या वयात ती सहा महिन्यांत चार बोटं वाढू शकते आणि बसलेली उचल पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. मग संगीत मोजण्याची सवय: तो तालावर आधी जातो की मागे राहतो. आणि शेवटी, चूक झाल्यावर तो काय बोलतो.

किहाराची गोष्ट मुद्दाम सांगते. दोन जोडीदारिणींनंतर, डोक्याला मार बसल्यानंतर, २०१९ साली तो खेळ सोडायच्या बेतात होता आणि रिंकवर नोकरी करत होता. रिकू मिउरा नावाच्या, त्याच्यापेक्षा बरीच लहान असलेल्या मुलीने त्याला एकदा सोबत करून बघू म्हणून विचारलं. ते जमलं. दोघं कॅनडाला ओकव्हिलमध्ये ब्रूनो मार्कोट यांच्याकडे शिकायला आली आणि २०२३ साली जगज्जेती झाली, जपानची पहिली जोडी. २०२५ मध्ये पुन्हा. आमच्या घरापासून ओकव्हिल गाडीने अर्ध्या तासावर आहे, आणि ते घडत होतं तेव्हा इथल्या प्रत्येक छोट्या जोडीला वाटत होतं की आपल्यालाही असा कुणीतरी भेटेल.

होकार दिल्यावर गोष्टी कागदावर लिहा. बर्फाचा खर्च कोण किती देणार, कोचची फी कशी वाटणार, प्रवास, कपडे, कोरिओग्राफर, आणि जोडी मोडली तर कपडे आणि संगीत कुणाकडे. इथे बऱ्याच ठिकाणी मुलीचं घर मुलाचा खर्चही उचलतं. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही, पण ते तोंडी ठेवू नका. नातेवाइकांसारखं वाटायला लागलेलं घरही पैशांवरून एका आठवड्यात परकं होतं.

देश आणि पासपोर्ट

आपल्या लोकांचं गणित इथे फसतं, म्हणून नीट वाचा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जोडी एकाच देशाकडून उतरते. जागतिक स्पर्धेसारख्या इंटरनॅशनल स्केटिंग युनियनच्या स्पर्धांत दोघांपैकी एकच त्या देशाचा नागरिक असला तरी चालतं, बाकीच्या अटी पूर्ण केल्या तर. ऑलिम्पिकमध्ये मात्र दोघांकडेही त्याच देशाचं नागरिकत्व लागतं.

डियाना स्टेलाटो-ड्युडेकचं उदाहरण घ्या. ती अमेरिकन. २००० साली ज्युनियर जागतिक स्पर्धेत एकेरीत रौप्य मिळवलं, मग कमरेच्या सांध्याच्या दुखापतींनी खेळ सोडला. सोळा वर्षांनी परत आली ती पेअर्समध्ये. मॅक्सिम डेशाँबरोबर कॅनडाकडून खेळत मार्च २०२४ मध्ये मॉन्ट्रियलला ती चाळिसाव्या वर्षी जगज्जेती झाली, फिगर स्केटिंगमधली सर्वांत वयस्कर जगज्जेती. आणि तिला कॅनडाचं नागरिकत्व मिळालं त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये. म्हणजे कॅनडासाठी जग जिंकलं तेव्हा ती कॅनडाची नागरिक नव्हती.

तुमच्या मुलीकडे भारतीय पासपोर्ट आहे आणि जोडीदार कॅनेडियन, तर ऑलिम्पिकचा विचार करताना तिला कॅनडाचं नागरिकत्व घ्यावं लागेल, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं, पण ते नागरिकत्व नव्हे. घरात आजी-आजोबांशी ही चर्चा मूल बारा वर्षांचं असतानाच करा. अठराव्या वर्षी, निवडीच्या धावपळीत ती करणं फार जड जातं.

एका देशाकडून खेळून दुसऱ्याकडे जायचं तर पहिल्या संघटनेची मोकळीक लागते आणि मध्ये थांबावं लागतं. अल्योना सावचेंको हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. कीवजवळच्या ओबुखिव्हमध्ये जन्मलेली ही मुलगी २००२ ची ऑलिम्पिक युक्रेनकडून खेळली. मग जर्मनीत केमनिट्झला जाऊन रॉबिन झोल्कोवीबरोबर पाच वेळा जगज्जेती झाली, व्हँकुव्हर आणि सोचीला कांस्य मिळवलं. २०१४ मध्ये झोल्कोवी थांबला. तिने फ्रान्सच्या ब्रूनो मासोला जोडीला घेतलं. फ्रान्सकडून मोकळीक मिळेपर्यंत एक हंगाम गेला. मासोला जर्मन भाषेची परीक्षा देऊन नागरिकत्व मिळवावं लागलं, ते आलं नोव्हेंबर २०१७ मध्ये, ऑलिम्पिकच्या तोंडावर. प्योंगचांगला लघु कार्यक्रमात, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या, छोट्या फेरीत, मासोची शेजारची सॅल्काव तिहेरीऐवजी दुहेरी झाली आणि जोडी चौथी राहिली. दुसऱ्या दिवशी मुक्त कार्यक्रमात, म्हणजे लांब फेरीत, १५९.३१ गुण, एकूण २३५.९०, चीनच्या जोडीपेक्षा फक्त ०.४३ ने पुढे. तिची ती पाचवी ऑलिम्पिक होती आणि वय चौतीस.

स्पर्धांची शिडी

हा भाग थोडक्यात. क्लबमधून तुमच्या प्रांताच्या संघटनेकडे, तिथून राष्ट्रीय स्पर्धा. कॅनडात ज्युवेनाइल, प्री-नोव्हिस, नोव्हिस, ज्युनियर, सीनियर अशा पायऱ्या आहेत. आंतरराष्ट्रीय ज्युनियर पातळी तेराव्या वर्षापासून उघडते. सीनियरसाठी किमान वय आता सतरा आहे. २०२२ साली ठरवून ते पंधरावरून टप्प्याटप्प्याने वाढवलं. मी याची बाजू घेते. त्या दोन वर्षांत मुलींची हाडं पक्की होतात आणि पालकांचीही घाई जराशी उतरते.

ज्युनियर ग्राँ प्री ही आंतरराष्ट्रीय स्पर्धांची मालिका ऑगस्टमध्ये सुरू होते, पण तिच्या सगळ्या टप्प्यांवर पेअर्स नसते. पुढे सीनियरच्या ग्राँ प्रीच्या सहा स्पर्धा आणि त्यांतून निवडलेल्या सहा जोड्यांची अंतिम फेरी. जागतिक स्पर्धेला जायचं तर ठरावीक किमान तांत्रिक गुण आधी कमवावे लागतात. तिथवर स्वतःहून नाव देता येत नाही. नाव संघटना देते.

सीनियरचा लघु कार्यक्रम दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा आणि मुक्त कार्यक्रम चार मिनिटांचा, दोन्हीत दहा सेकंद इकडेतिकडे चालतात. प्रत्येक घटकाला ठरलेले मूळ गुण असतात आणि पंच उणे पाच ते अधिक पाच असा दर्जा देतात. एक जण पडला तर एक गुण वजा, दोघं पडली तर दोन. ही पद्धत आली ती एका पेअर्सच्याच वादातून: २००२ ला सॉल्ट लेक सिटीत पंचांच्या निकालावरून गदारोळ झाला, दोन जोड्यांना सोनं द्यावं लागलं आणि सहा गुणांची जुनी पद्धत २००४ मध्ये गेली. स्पर्धेनंतर गुणपत्रक छापून मिळतं. ते पालकांनीही वाचायला शिका. "पंचांनी अन्याय केला" असं घरी म्हणण्याआधी कुठल्या उडीची फेरी कमी मोजली गेली ते शोधा.

डोकं, पोट आणि बंद दार

यात मला कुणाचं मन राखायचं नाही.

डोक्याला मार लागला की त्या दिवशी सराव संपला. ऑन्टॅरिओत रोवन्स लॉ नावाचा कायदा आहे. रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची रग्बी खेळाडू २०१३ साली डोक्याला लागोपाठ मार बसून गेली, तिच्या नावाने. खेळाडू आणि पालकांनी मेंदूच्या धक्क्याबद्दलची माहिती दरवर्षी वाचायची असते आणि मार लागल्यावर टप्प्याटप्प्यानेच परतायचं असतं. पेअर्समध्ये ट्विस्ट शिकताना कोपर लागतं, उचलीतून पडणं होतं, आणि शेजारच्या गिरकीत दोघं जवळ आली तर पातं लागतं. १९९६ च्या जानेवारीत येलेना बेरेझ्नायाच्या डोक्यात सरावात जोडीदाराचं पातं घुसलं होतं. शस्त्रक्रिया झाली, बोलायला पुन्हा शिकावं लागलं. पुढे अंतोन सिखारुलिद्झेबरोबर ती २००२ ची ऑलिम्पिक विजेती झाली, पण मी ही गोष्ट मुलांना जिद्दीसाठी सांगत नाही. गिरकीत अंतर किती ठेवायचं ते लक्षात राहावं म्हणून सांगते. नव्या उचली शिकताना हेल्मेट घालायला लाजू देऊ नका.

दुसरं जेवण. मुलीच्या वजनावर रिंकवर कुणीही मोठ्याने बोलायला लागलं, कोच असो की जोडीदाराचे आईबाप, तर त्याच दिवशी थांबवा. उचल जड जाते तेव्हा मुलाची ताकद आणि दोघांची वेळ आधी तपासायची असते. आमच्या घरी पहाटेच्या सरावाआधी केळं आणि सरावानंतर गाडीतच थालीपीठ-दही, हा नेम आजवर मोडलेला नाही. मासिक पाळी लांबली किंवा थांबली तर डॉक्टरकडे जा, "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडू नका.

तिसरं, एकांत. पेअर्समध्ये तेरा वर्षांच्या मुलीचा जोडीदार वयाने बराच मोठा असू शकतो, कोच सतत हात लावून शिकवतो, परगावी मुक्काम असतात. कॅनडात 'रूल ऑफ टू' पाळतात: मूल कधीही एकाच मोठ्या माणसाबरोबर बंद दाराआड नसावं. परगावी कुणाच्या गाडीतून, कुणाच्या खोलीत, हे आधी विचारा. विचारल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याकडे मूल सोपवू नका. आणि मुलीला पहिल्या आठवड्यातच एक वाक्य शिकवा: "आज ही उचल नको." ते वाक्य म्हटल्यावर कारण न विचारता ऐकून घेणारा जोडीदार आणि कोच हवा.

थांबण्याची वेळ

बहुतेक जोड्या ऑलिम्पिकला जात नाहीत. माझी लेकही जाईल असं नाही, हे आम्ही घरात मोकळेपणी बोलतो. ती विद्यापीठात फिजिओथेरपीकडे जाणारे विषय घेते आहे आणि अभ्यास कधीही स्केटिंगच्या मागे टाकलेला नाही. चार वाजता रिंक, रात्री प्रयोगशाळेचं जर्नल.

खेळ थांबल्यावर पेअर्सच्या लोकांना काम मिळतं, कारण उचल येणारी माणसं मोजकी असतात. बर्फावरचे फिरते शो आणि जहाजांवरचे शो जोड्या घेतात. तिथे पगार, राहणं आणि रोजचे प्रयोग असतात, पण पाठीला विश्रांती नसते. कोच होता येतं. मार्कोट स्वतः पेअर्स खेळलेले आहेत. तांत्रिक समितीत बसता येतं. कुठली उचल कुठल्या दर्जाची, फेरी पूर्ण झाली की नाही, हे ठरवणाऱ्यांत माजी खेळाडू असतात. त्यासाठी परीक्षा आणि शिबिरं असतात आणि सुरुवात प्रांतिक स्पर्धांपासून होते. लेकीने गेल्या हिवाळ्यात त्याचं पहिलं शिबिर केलं. दोन दिवस ती पडद्यावर अनोळखी जोड्यांच्या उचली थांबवून थांबवून बघत होती. घरी आल्यावर तिने स्वतःचा बाराव्या वर्षीचा व्हिडिओ काढला, पहिल्या कमरेच्या उचलीचा, आणि मला बोट ठेवून दाखवलं, "आई, हे बघ, मी इथे ढिली पडलेय."